लवंगांच्या डब्यातला पेन ड्राइव्ह

मी एकदा सुनेची तीन वर्षांची ज्वारी एका बोटानं पुसून टाकली. शेतातली नव्हे, पेन ड्राइव्हमधली. बरं, चुकून हात लागला असंही नाही. कम्प्युटरनं मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा ठणकावून हो म्हटलं.

आता आजी झालेय, म्हणून हसू येतं. पण तेव्हाची ती पंचावन्न वर्षांची बाई म्हणजे काय तोरा! तीन महिन्यांचा कम्प्युटरचा कोर्स नुकताच केलेला. सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलं होतं, देवाला हात जोडताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसेल अशा बेतानं. आणि घरात कुणी काही विचारायला आलं की माझं उत्तर ठरलेलं: न्हाई. नव्या सुनेनं विचारलं, येळवस, म्हणजे शेतातल्या पूजेची अमावस्या, झाली की त्याच दुपारी परभणीला कृषी विद्यापीठात जाऊ का, दुसऱ्या दिवशी सरांना ज्वारीवरचं सगळं काम दाखवायचंय, तेवढ्यावर पुढचं शिक्षण अडलंय. मी म्हटलं, न्हाई. लग्नानंतरची पहिली येळवस, भज्जी-अंबिल खायला सारं गणगोत शेतात येणार, आणि आमची सून एसटीत?

त्या दिवशी ट्रॅक्टरच्या टेपवर गाणी वाजवायची ही माझी हौस. माझा स्वतःचा पेन ड्राइव्ह परकराच्या खिशात राहून धुण्यात खराब झाला होता. शोधता शोधता लवंगांच्या डब्यात एक काळा, करंगळीएवढा सापडला. लवंगांच्या डब्यात का ठेवला असेल, हा प्रश्न काही मला पडला नाही. उचलला आणि तालुक्याची, पालमची एसटी धरली.

बसस्टँडसमोर मोबाईलच्या दुकानात गाणी भरून मिळत. दुकानदारानं पेन ड्राइव्ह लावला, तर पडद्यावर एक चौकट आली.

"मावशी, आत काईच दिसंना. फॉरमॅट करू का, इचारायलंय. काई हाय का हेच्यात?"

दिसत नाही म्हणजे नाही, एवढंच माझं शास्त्र. त्याला म्हटलं, सरका, मी कोर्स केलाय. माउस मीच धरला. फॉरमॅट करायचं? हो. आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल? हो, हो. मग ऐटीत गाण्यांची यादी सांगायला बसले. चाळीसेक गाणी निवडून झाली, तो बटण दाबणार, आणि लाईट गेली. दुकानात इन्व्हर्टर नव्हता. तासभर त्याच्याच चहावर लाईटवाल्यांचा उद्धार केला आणि रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन घरी आले.

सून स्वयंपाकघरात खाली बसली होती. लवंगा ताटात ओतून बोटांनी चाळत होती.

मी सांगितलं, माझ्याकडं आहे, फॉरमॅट करून आणलाय, रिकामाच तर होता. तिनं ताट बाजूला सारलं. रिकामा नव्हता. तीन रब्बी हंगामांची ज्वारी त्यात होती: दर आठवड्याचे फोटो, धाटांची उंची, पानांची मोजणी. लॅपटॉप आठ दिवसांपूर्वी बंद पडला होता, त्यामुळे सगळं होतं ते एवढंच, म्हणून लवंगांत जपून ठेवलेलं. तिचा लॅपटॉप लिनक्सवर चालायचा, पेन ड्राइव्हही त्याच पद्धतीनं तयार केलेला, आणि दुकानातल्या विंडोजला ती पद्धत वाचताच येत नाही.

मला वाटलं, आता ही रडणार. तिनं एकच विचारलं.

"गाणी भरली का?"

"न्हाई. लाईट गेली."

तिनं मोठा श्वास सोडला. "मग आता त्याला कुटंच लावू नका."

तिनं समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं: प्रत्येक घरातली डब्यांची मांडणी निराळी. नवी नवरी सासरच्या फळीवर मीठ शोधते, सापडत नाही, म्हणून घरात मीठच नाही असं होत नाही. मी फॉरमॅट केला म्हणजे कुठल्या डब्यात काय याची यादी फाडली. डबे फळीवरच होते. मी त्यात गाणी ओतली असती तर मात्र ज्वारी गेली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परभणी. मी हट्टानं बरोबर गेले. तिच्या लॅबमधल्या लिनक्सच्या कम्प्युटरनं तो पेन ड्राइव्ह तासभर चाळला, आणि मग एकेक फाइल वर यायला लागली. दहा, पन्नास, दोनशे! मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. मोजणीचे तक्ते जसेच्या तसे आले. फोटोही आले, पण त्यांची नावं आणि तारखा पुसल्या गेलेल्या. कुठला फोटो कधीचा, काही कळेना. आता मात्र सून रडवेली झाली.

मी चष्मा पुसून पुढं सरकले. ही पोटरीत हाय, कणीस अजून पानातच. ही निसवलेली, कणीस भाईर आलंय. ह्या दाण्यात चीक भरलाय, आणि हा हुरडा, अजून चार दिवसांनी हाताला कडक लागला असता. ती विचारत गेली, मी सांगत गेले, ती तक्त्याशी ताडून नावं देत गेली. दुपारपर्यंत तिन्ही हंगाम ओळीनं लागले. एका ठिकाणी तिचीच नोंद चुकली होती, तीही मी पकडली. कोर्स न करता शिकलेलंच शेवटी कामाला आलं.

परतीच्या एसटीत मी तिला म्हटलं, येळवशीचं जेवण झालं की खुशाल परभणीला जा, भांडी मी घासते. थोडं अंतर गेल्यावर हळूच विचारलं, पुन्हा कधी त्या कम्प्युटरनं मला असं काही विचारलं, तर काय करू?

ती खिडकीबाहेर बघत होती. मान न वळवताच म्हणाली, "आत्याबाई, त्यानं काईबी इचारलं की आदी न्हाई म्हणायचं. मला म्हणता तसं."