वादळाचं चित्र

रियाधच्या घरी बेडरूममध्ये टांगायला मी वादळी समुद्राचं भलंमोठं चित्र आणलं. ते लावायला दापोलीकडचा एक सुतार आला, पण तो सारखा मोबाइल बघत होता. त्याला गुंतवावं म्हणून मी व्याख्यान झोडलं, "जुन्या युरोपातल्या चित्रकारांचं वादळ म्हणजे मनातली खळबळ. होडी नुसतं प्रतीक हो!"

त्याने होडीतली माणसं बोटाने मोजली. "पाच. आमच्या होडीवर भाऊ धरून सहा आहेत, साहेब. गावाकडे वादळ सुरू झाल्यापासून त्यांचा फोन लागत नाहीये."

इतक्यात त्याचा फोन वाजला.

"पोचले? सगळे? बरं झालं!" म्हणत तो खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "बेडरूममध्ये नका लावू हे. त्या वादळाने माझ्या वहिनीचा तीन रात्री डोळा नाही लागला."

मी चित्राची एक बाजू धरली आणि आम्ही ते हॉलमध्ये नेलं.