दहा मंडळी

आम्हा ख्रिस्ती लोकांत ‘मंडळी’ म्हणजे चर्चचे सभासद. जुन्नरच्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘मंडळी’ म्हणजे बायको. माझी बायको जानेवारीत गेली आणि चर्चमध्ये सातजण उरलो.

एप्रिलमध्ये आमच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. मंडळीची प्रकृती पाहायला निरीक्षक रविवारी येणार होते. दहाजण हजर नसले, तर इथली उपासना बंद होऊन आम्हाला दुसऱ्या गावच्या चर्चला जोडलं जाणार होतं. सोबत निरोगी मंडळीची लक्षणं छापलेला कागद होता. त्यात एक होतं, उत्साही गायन. आमच्याकडे पेटी बायको वाजवायची. ती गेल्यापासून प्रत्येकजण आपापल्या सुरात गायचा आणि कडवं संपलं की बाकीच्यांची वाट पाहायचा.

दुसऱ्या गावाला बस होती. पण पेटीमागच्या स्टुलावर तिची उशी अजून तशीच होती. ती मी कुठे नेणार?

शेजारचे टोमॅटोवाले भाऊ चहाला आले तेव्हा मी म्हणालो, “रविवारी किमान दहा मंडळी पाहिजे.”

त्यांची बशी ओठांपाशीच थांबली. “सर, वैनीला जाऊन चार म्हैनं न्हाई झालं. अन् धा?”

“त्याहून कमी चालत नाही.”

“आमाला एकच झेपंना, राव!”

मी अर्थ समजावला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. “म्हंजी सभासद पायजेत. आमच्या हिच्या बचत गटात हायेत की.”

रविवारी त्यांची बायको, आमच्या शेजारीणबाई, नऊजणींना घेऊन आल्या. निरीक्षकांनी सतरा डोकी मोजली आणि खुशीत पहिल्या बाकाला विचारलं, “मंडळीची प्रकृती कशी आहे?”

“काय सांगावं सायेब, गुडघं लई दुखत्यात.”

दुसरीने साखर सांगितली. तिसरीने पिशवीतून रक्ताचा रिपोर्टच काढून दिला. निरीक्षकांनी तो पूर्ण वाचला आणि ‘परस्परांची काळजी’ या लक्षणापुढे बरोबरची खूण केली.

गाण्याची वेळ आली. शेजारीणबाई उठल्या, त्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. स्टुलापाशी थांबून त्यांनी विचारलं, “ही उशी वैनींची ना?” मी मान हलवली. त्यांनी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि नुसत्या लाकडावर बसल्या. त्या दिवशी आम्ही सातही जणांनी कडवं एकदमच संपवलं.

निरीक्षकांनी सतरा लिहिले. मी गप्प बसू शकलो असतो. म्हणालो, “सभासद सातच. बाकीच्या पाहुण्या आहेत.”

त्यांनी आकडा खोडला. “पाहुणे एकदाच येतात. ते धरता येत नाहीत.”

“कोन म्हनलं एकदाच?” शेजारीणबाई पेटीमागून म्हणाल्या. “देव तुमचा, पर पेटी माझ्या हाताखालची हाय. तिसऱ्या कडव्याला समदी घसरत्यात. तालीम नगं?”

निरीक्षकांनी लक्षणांच्या कागदावरून बोट फिरवलं. कागदावर तालमीचं लक्षण नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘मंडळी आजारी, पण उपचार सुरू. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.’

पुढच्या रविवारी शेजारीणबाई खरंच आल्या, गुडघेवालीला घेऊन. पेटी उघडून त्यांनी माझ्या मांडीवरच्या उशीकडे हात केला.

“सर, ती उशी द्या हिकडं. लाकूड लई टोचतंय.”

मी दिली.