अस्वलाचा आवाज मी बंद केला

मंडळी, आज दुपारपासून माझी मलाच लाज वाटतेय.

माझे वडील, आबा, सोनगीरहून आमच्याकडे जळगावला आलेत. माझ्या मुलीच्या चित्रांच्या पुस्तकांवरून केलेलं एक कार्टून टीव्हीवर हिंदीत लागतं. आबा आवाज बंद करतात आणि सगळ्या प्राण्यांचे संवाद अहिराणीत स्वतःच बोलतात. अस्वल ओरडतं, "मन्हा बठ्ठा मध कोनी खादा रे?" पोरगी हसून लोळते.

आज तिची मैत्रीण आईबरोबर आली होती. आबांचं अस्वल ऐकून त्या बाई हसल्या. कौतुकाने की कशाने, ते मी बघितलंच नाही. झटकन रिमोट घेऊन आवाज मोठा केला. "आबा, मुलांना नीट ऐकू द्या ना!"



पाहुण्या गेल्यावर मुलगी त्याच अस्वलाचं पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ गेली. "आबा, अस्वल काय म्हणतं?"

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग शाळेत उभं राहून धडा वाचावा तसं सावकाश म्हणाले, "माझा सगळा मध कोणी खाल्ला?"

पोरगी म्हणाली, "हे आपलं अस्वल नाही."

आबांची माफी मागायची आहे. मला अहिराणी समजते, पण बोलायचं मी कधीच सोडलंय. कुठल्या तोंडाने मागू, सांगा.