लटकत्या गाडीचे बोल्ट

साबणाचं पाणी. गोणपाट. बोरीच्या सालीसारखं भेगाळलेलं काळं रबर. आईचा हट्ट. जॅकवर तोंड उचलून, आरवायच्या बेतात असलेल्या कोंबड्यासारखी जुनी गाडी.

दुपार. डोळे मिटताहेत की उघडताहेत, हेमाला कळत नाही. गाडीशेजारी गोणपाटावर ती जराशी कलंडली आहे. पुढच्या चाकांना धरणाऱ्या आर्मचे झिजलेले रबरी बुश तिने उपसून काढलेत, नव्यांना साबण लावून दाबून बसवलंय, बोल्ट जीव खाऊन आवळलेत. उद्या आईला घेऊन कुंभार्ली घाट उतरायचा. बापू गेल्यापासून आई या गाडीत बसलेली नाही. "आधी ती खडखड थांबव," म्हणते. "त्यात तुझे बापू पुटपुटल्यासारखे वाटतात."

गाडीखालून दोन पाय बाहेर येतात. पांढरा लेंगा, ओलाचिंब.

"हेमे, लटकत्या गाडीचे बोल्ट कुणी आवळले?"

"मी, बापू."

"वा! बापाचं नाव काढलंस."

ती खाली सरकते, तर अंगण नाहीच. पाठीला नदीकाठच्या पायऱ्या लागतात, गार. गाडीचं पोट फार उंचावर आहे आणि त्यातून पाणी ठिबकतंय. बापू शेजारी उताणे पडलेत, वर बघत.

"गच्च आवळलेत की," ती म्हणते.

"तीच तर चूक. चाकं हवेत असताना आवळलं, की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं. चार दिवसांत फाटतं. आधी चाकं टेकव. तिचं वजन तिला घेऊ दे. मग आवळ."

"कधी सांगितलं नाहीत."

"जॅक दे म्हटलं तर फोन बघत बसायचीस!"

ती हसते. पाणी पायरीवर चढतं, कानापर्यंत येतं.

"खडखड थांबली की मीपण थांबणार हं," बापू म्हणतात.

"मग राहू दे खडखड."

"येडी का काय? घाटात आईला माझ्याकडं पाठवतीस?" ते तिच्या मुठीत काहीतरी कोंबतात. त्यांची बोटं बर्फ. "घे. आवळ."

"हेमा, चहा!" आई दारातून ओरडते. "झोपलीस काय गं गाडीपाशी?"

ऊन. गोणपाट. हेमाच्या मुठीत सतरा नंबरचा पाना आहे, दांड्याला लाल टेप, टेपमधून पाणी निथळतंय.

ती उठते. बोल्ट सैल करते, चाकांखाली फळ्या सारून गाडी टेकवते, दाबून दाबून बसू देते, आणि त्याच पान्याने आवळते. मग आईला पुढे बसवून गल्लीच्या टोकापर्यंत जाते. खड्डा येतो, जातो. काहीच वाजत नाही. आई खाली वाकते, पायापाशी कान नेते, कितीतरी वेळ तशीच राहते.

लाल टेपचा तो पाना मागच्या कार्तिकात आईनेच बापूंच्या अस्थींबरोबर प्रीतिसंगमाच्या पाण्यात सोडला होता.