होडीची उन्हाळी कामं

घोड धरणाचं पाणी मार्चात उतरायला लागलं की आमच्या ह्यांची होडी शिरूरला घरी यायची. तोवर निमोण्याच्या बाजूचा काठ उघडा पडलेला असे, आणि होडी पाण्यापर्यंत न्यायची तर गुडघाभर गाळातून ढकलावी लागे. मग एखाद्या रविवारी पिकअप करून ती आणायची, घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पालथी घालायची. संध्याकाळी चहाबरोबर हे वही उघडायचे. पावसाळा संपेपर्यंत होडीची कायकाय कामं करायची, ते त्या वहीत लिहिलं जायचं.

मला त्या वहीचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. मी फार सरळ मनानं सांगतेय असं कुणी समजू नये.

माझे यजमान नौदलात होते. तिथून निवृत्त झाल्यावर रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागले, आणि तेही संपल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली चौदा फुटी फायबरची होडी ते एक दिवस टेम्पोत घालून घेऊन आले. गल्ली बघायला जमली. एकानं विचारलं, "साहेब, हिला डिझेल किती लागतं?" ह्यांनी नुसतं आभाळाकडं बोट केलं. त्या दिवशी मीसुद्धा सगळ्यांबरोबर हसले होते.

होडीचं मोठं शीड जागोजागी उसवलेलं होतं. माझं फॉल-पिकोचं दुकान. शिडाची शिवण पिकोसारखीच नागमोडी असते, हे त्यांच्या लक्षात आलं तसं त्यांनी शिडाचं गाठोडं माझ्या मशीनशेजारी आणून टाकलं.

"चादरीगत सपाट शिवून टाक," म्हणाले.

मी ते फरशीवर पसरलं, हात फिरवून बघितलं. "सपाट न्हाई हो हे. ह्याला पोट हाय. पट्ट्यांच्या कडा गोलाईत कापल्यात, ब्लाऊजची कटोरी कापतात तशा. सपाट शिवलं तर ह्यात वारा भरायचाच न्हाई."

त्यांनी शीड उचलून उजेडात धरलं. "तुला कसं कळलं?"

"तीस वर्षं बायकांच्या मापाचं शिवतेय."

त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं : बुडाच्या चिरा खरवडून रेझिन भरणे. सुकाणूच्या बिजागऱ्या बदलणे. डोलकाठीच्या तारा तपासणे. शीड शिवणे – सौ.

माझं काम तेवढं. दुकान बंद केल्यावर जाड दोरा लावून मी शिवत बसायची. सुया मोडायच्या. पण खोटं कशाला सांगू, ते काम मला आवडायचं. त्या सप्टेंबरात धरण भरलं आणि होडी पाण्यात गेली, तेव्हा मी शिवलेलं शीड काठावरून पहिल्यांदा फुगलेलं बघितलं. माझ्या अंगावर काटा आला. हे मागं सुकाणू धरून बसले होते. पुढं बसून लहान शिडाची दोरी धरायला दौंडचे भाऊजी होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, ह्यांचे शाळेपासूनचे मित्र.

घरी येताना मी म्हणाले, "मलापण एकदा बसवा की."

"तुला पोहता येत न्हाई."

खरंच येत नव्हतं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी माहेरी, राहू गावी गेले आणि बावन्नाव्या वर्षी विहिरीत उतरले. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. शिकवायला माझी भावजय. ती वरच्या पायरीवरून ओरडायची, "वन्सं, पाय हालवा, पाय! काठ सोडा आता, किती दिवस धरून बसणार?" बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. रात्री अंग ठणकायचं. महिन्याभरात मी कॅनशिवाय विहिरीला चार फेऱ्या मारू लागले. शिरूरला परत आल्यावर चपला काढायच्या आधी मी ह्यांना ते सांगितलं.

"विहिरीचं पाणी येगळं, धरणाचं येगळं," हे म्हणाले. पण माझं तोंड पडलेलं बघून वही उघडली आणि शेवटच्या ओळीत लिहिलं : पुढे दुसऱ्या माणसासाठी नीट बैठक व दोरीचा चिमटा. चिमटा म्हणजे दोरी अडकवून ठेवायची खाच. माझ्या हातात भाऊजींइतका जोर नव्हता, वाऱ्यानं ओढलेली दोरी मला फार वेळ धरता आली नसती. चिमटा असला की हाताला विसावा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, भाऊजी बसलेले बघूनबघून मीच ओळखलं होतं.

ते काम त्या उन्हाळ्यात झालं नाही. पुढच्या मार्चात नव्या पानावर परत शेवटी आलं. त्याच्या पुढच्या मार्चातही. बाकी सगळी कामं वर चढायची, पुरी व्हायची, त्यांच्यावर रेघ मारली जायची. रंग झाला, सुकाणू नवं झालं, भाऊजींना टेकायला बरं म्हणून कडेला पट्टेसुद्धा लागले. शेवटची ओळ मात्र हे दर वर्षी त्याच सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचे.

चौथ्या वर्षी हे नौदलातल्या जुन्या सोबत्यांना भेटायला आठ दिवस कारवारला गेले. मी चिमटे कुरियरनं मागवले. ह्यांचंच ड्रिल काढलं, मापं घेतली, चार भोकं पाडली, आतून लाकडाची पट्टी देऊन रेझिन भरलं. बसायच्या जागी जुन्या रबरी पट्टीची गादी केली. तीन दिवस बोटांचा वास जात नव्हता. मनात आलं, आता तरी म्हणतील, बरं केलंस.

हे आले, बॅग खाली ठेवली आणि शेडमध्ये गेले. बाहेर आले ते लाल होऊन.

"होडीला भोकं पाडलीस?"

"चार. मापून. तुम्ही करता तसंच केलंय."

"तुला सांगितलं होतं कुणी?"

"वहीत लिहिलंय की. चार वर्षं लिहिलंय."

"लिहिलंय म्हंजी तू करायचं असं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिमटे काढले, भोकं बुजवली, वरून पॉलिश पेपर मारून त्याच रंगाचा हात दिला. काम इतकं सफाईदार की मला स्वतःला जागा सापडेना. चिमटे एका डब्यात घालून माझ्या मशीनवर ठेवले होते. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

त्या वर्षी उसवलेल्या शिडाला मी हात लावला नाही. ह्यांनी ते ताडपत्र्या शिवणाऱ्याकडं दिलं. त्यानं ओढून सपाट शिवलं. सप्टेंबरात होडी वाऱ्यावर चढेना, नुसती आडवी सरकायची. दोघं वल्ही मारत काठाला आले. मी घरीच होते, मला भाऊजींनी फोनवर सांगितलं. ऐकून मला आनंद झाला. नवऱ्याची फजिती ऐकून आनंद होतो, इतकी मी खाली गेले होते.

पुढच्या मार्चात गाठोडं परत मशीनशेजारी आलं. हे दारात उभे राहिले. "ती शिवण काढून पयल्यासारखं करायला लागंल."

"करते. पण सप्टेंबरात पयल्या दिवशी पुढं मी बसणार."

"बरं."

"बरं न्हाई. बसणार का, ते सांगा."

"बस की बाई. बस."

पंधरा दिवस मी नुसती उसवत होते. ताडपत्रीवाल्यानं सुईची भोकं इतकी पाडली होती की दोन पट्ट्या नव्यानं घालाव्या लागल्या. गोलाई परत काढली. होडीच्या ओल्या तळावर घसरू नये म्हणून मी स्वतःसाठी रबरी सँडल आणले आणि घरात घालून चालून बघितले.

सप्टेंबरातला तो रविवार आला. काठावर गेलो तर भाऊजी आधीच येऊन थांबलेले, अंगात केशरी जॅकेट. ह्यांनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वारा जरा जास्त हाय. नवं शीड हाय, एकदा ह्याच्यासंगं तपासून घेतो. पुढच्या रविवारी तू."

वारा जास्त नव्हता. काठावरची बाभळ जेमतेम हलत होती. भाऊजी ओशाळून म्हणाले, "वहिनींना बसू दे की आज, मी थांबतो."

"तू बस," हे म्हणाले.

दोघांच्या चपला माझ्यापाशी राहिल्या. शीड भरलं, अगदी हवं तसं, कुठं चुणी नाही. होडी पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. इतकी सरळ ती आधी कधी गेली नव्हती, आणि ते आम्हा तिघांत फक्त मलाच कळत होतं. मी काठावर बसून राहिले. काय करणार होते?

पुढचा रविवार आलाच नाही. गुरुवारी ह्यांच्या छातीत दुखू लागलं. पुण्याला नेलं, दोन स्टेंट पडले. डॉक्टर म्हणाले, जोराचं काम बंद, पाण्यातले खेळ तर कायमचे बंद. मी दवाखान्यात रात्रंदिवस होते. राग बाजूला ठेवला होता. तेवढी माणुसकी माझ्यात होती.

मार्चात होडी नेहमीसारखी शेडमध्ये पालथी झाली. हे खुर्ची टाकून शेजारी बसले, मांडीवर वही. मी म्हणाले, "तुम्ही सांगा, मी करते." आणि खरंच, ते तीन आठवडे आमच्या संसारातले बरे होते. हे सांगायचे, मी खरवडायची. "हलक्या हातानं. असं न्हाई, गोल फिरव. हां." रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचं, उन्हात ते किती लवकर धरतं, सगळं त्यांनी मला शिकवलं. एकदा माझ्या केसांतली फायबरची धूळ त्यांनी आपल्या हातानं झटकली. मला वाटलं, आजारपणानं माणूस बदलला. आता हे काठावर बसतील, भाऊजी सुकाणू धरतील आणि पुढं मी. मी तसं बोलूनसुद्धा दाखवलं. हे वहीत रेघ मारत राहिले.

सगळी कामं संपल्यावर एका सकाळी दारात पिकअप उभा राहिला. शेजारी भाऊजी.

"ही कुठं निघाली?" मी विचारलं.

"दौंडला. त्याला दिली," हे म्हणाले. "मला जमायचं न्हाई आता. तो नीट सांभाळंल."

"मला विचारायचं तरी."

"होडी माझी हाय."

म्हणजे मी तीन आठवडे ती दुसऱ्याच्या दारात पाठवायला घासत होते. ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भाऊजींचा चेहरा बघून कळलं, मी हे माहीत नसताना राबले हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

होडी चढली, डोलकाठी बांधली. भाऊजी घुटमळले. "वहिनी, शीड?"

"शीड माझं हाय, भाऊजी."

"अगं, त्याच्याशिवाय होडी काय कामाची?" हे खुर्चीतून म्हणाले.

"वही बघा. त्या कामापुढं 'सौ.' लिहिलंय. तुमच्याच हातानं. मोठं शीड मी देणार न्हाई."

हे उठू लागले, भाऊजींनी हातानं थांबवलं. "राहू दे रे. मी बघतो काहीतरी." पिकअप गेला. आमचं त्या दिवशी दोघांचंही जेवण झालं नाही.

भाऊजींनी मुंबईहून तयार शीड आणलं. ऑक्टोबरात ह्यांच्या फोनवर फोटो आला. भीमेचं भरलेलं पाणी, मागं भाऊजी, आणि पुढं त्यांची बायको. साडीवर जॅकेट घातलेलं, हातात लहान शिडाची दोरी, तोंड उघडं टाकून हसत होती. भली बाई आहे ती. तिच्यावर माझा काही राग नाही.

ह्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला. "बरी बसलीय की. जरा मागं रेलायला पाहिजे."

"तिला पोहता येतं का?"

"कुणाला ठाऊक. जॅकेट घातलंय ना." एवढं बोलून ह्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि टीव्ही लावला.

मी फोन ठेवला आणि दुकानात गेले. दिवाळीच्या साड्यांचा ढीग पडला होता, तो संपवायला आठ दिवस लागले.

शीड माळ्यावर आहे. परवा साफसफाईत खाली काढलं, उन्हात टाकलं, परत घडी घालून ठेवलं. हे म्हणाले, "उगीच जागा अडवून ठेवलीस. त्याला देऊन टाक, उपयोगाला यील." मी नाही म्हणाले. त्याचा मला काडीचा उपयोग नाही, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळतं. तरी नाही म्हणाले. हे पेपर वाचू लागले. शेडमध्ये आता माझी स्कूटी असते. धरण यंदाही काठोकाठ भरलंय, असं निमोण्याहून फॉल लावायला येणाऱ्या बायका सांगतात.