परवाचा वारा

बॅटरीची पारख माझ्या मामेसासऱ्यांइतकी कुणालाच नव्हती, आणि माझ्याइतकी कमीही कुणाला नसावी. "चांगली बॅटरी बघून ठेवा" असा लोहगडवाडीहून त्यांचा निरोप आला, तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारातून तीन सेलची चकचकीत बॅटरी आणून ठेवली. मामांनी आल्या आल्या कळ दाबून माझ्याच तोंडावर उजेड पाडला. "जावईबापू, ही टार्च हाय. मला वारा भरून ठेवायचाय, वारा!"

उभी हयात मामांनी रेल्वेच्या डब्यांतले दिवे सांभाळले. डब्यांखालच्या बॅटऱ्यांवर केलं तेवढं प्रेम, मामी गेल्यावर, त्यांनी फक्त एकुलत्या एका लेकीवर, हौसावर केलं. तिला वराळ्याचं स्थळ आलं, पण मुलाची आत्या म्हणाली, "आमच्याकडं लाईट हाय. कंदिलातली पोर कशी चालंल?" झालं! मामांनी छपरावर लाकडी पात्यांचा पंखा चढवला, त्याला भंगारातला डायनॅमो जोडला आणि साखरपुड्याला घरात लाईट लावीन, असं वाडीभर सांगून टाकलं.

उरली बॅटरी. लोणावळ्यातल्या एका गॅरेजात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांची रांग होती. मामा एकेकीपुढे बसत, झाकणं काढत आणि कान लावून आतली उकळी ऐकत. "हिला दमा हाय." पुढची. "ही ट्रकाखाली घाटात राबलीया. थकली बिचारी." कोरी करकरीत होती, ती "लय मुकी" म्हणून नापास. मिस्त्री वैतागला. "मामा, बॅटरी घ्यायचीय का सून बघायचीय?"

"सून चुकली तर ल्योक निभावून नेईल. ही चुकली तर माझी लेक पाव्हण्यांम्होरं अंधारात बसंल."

चौथ्या दिवशी कोपऱ्यातली एक कळकट बॅटरी पसंत पडली. तिचे सहाही कप्पे म्हणे एका सुरात बोलत होते. वाडीपर्यंत ती मीच छातीशी धरून नेली. अ‍ॅसिडनं माझ्या एकमेव चांगल्या पँटची चाळण झाली. मग आठवडाभर छपरावर पाती भणभणत राहिली.

आणि नेमका साखरपुड्याच्या दिवशी वारा पडला! दिवेलागणीला आत्याबाईंनी छपराकडे मान वर केली. "पंखा तर हलंना. आता वो?" मामांनी शांतपणे दोन तारा जोडल्या. "आजचा कशाला पायजे? परवाचा भरून ठेवलाय की."

लागला की हो दिवा! घर पिवळंधमक झालं, वाडीतल्या बाया दारात लोटल्या, हौसाच्या नथीतला मोतीन् मोती दिसला. आत्याबाईंनी स्वतः तिला पेढा भरवला, आणि मामा कुस्ती मारल्यासारखे मिशीवरून बोटं फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी उतरताना माझं मामापुराण चालूच होतं. बायकोनं मागे वळून मामांच्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हौसा गेल्यावर एवढ्या उजेडात मामा बघणार कोणाकडे हो?"