डॉमनिकचा मिठाचा ग्रह

हे मी आजपर्यंत कुणापुढे बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. तिला एवढंच माहितीये की कॉलेजात असताना आम्ही कसलातरी फाशांचा खेळ खेळायचो — आणि त्यावर ती हसते. हसू दे. तुम्हीही हसाल, सुरुवात हसण्यासारखीच आहे.

आम्ही नुकतेच लालबागची खोली सोडून भाईंदर पूर्वेला राहायला आलो होतो. वडील खूश, आई खूश, आणि मी? मला इथलं कुत्रंही ओळखत नव्हतं. कॉलेजात मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या नळापाशी उगाच घुटमळायचो — एकटा आहे असं दिसायला नको म्हणून. तिथे डॉमनिकने मला पहिल्यांदा हाक मारली. उत्तनकडच्या तारोडी गावचा, ख्रिस्ती कोळ्याच्या घरचा, बापाची मासेमारीची होडी. म्हणाला, खेळाला एक माणूस कमी हाय, येतो काय?

एवढंच. आता मला सांगा, एवढं ज्याने दिलं त्याच्याशी माणसाने कसं वागावं?

खेळ असा — पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करतोय ते बोलून सांगतात, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरतं. नियम आमच्यातल्याच निरवने सायबर कॅफेतून छापून आणले होते. त्यात राक्षस होते, किल्ले होते. डॉमनिक म्हणाला, ते आपल्याला काय करायचे? त्याने स्वतःचा ग्रह केला. समुद्र आटून गेलेला, नजर पोचेल तिथवर मीठ. होड्या आहेत, पण त्या मिठावर पायांनी चालतात. बाहेर हवा नाही. प्रत्येक होडी आपली हवा आपणच बनवते, आणि ती संपत आली की शेजारच्या होडीचं दार वाजवायचं. मुर्ध्याची मिठागरं आम्ही सगळ्यांनीच बसमधून पाहिली होती. त्यात ग्रह दिसला तो त्याला.

रविवारी आम्ही निरवच्या घरी जमायचो, जेसल पार्कात. डॉमनिक हळू आवाजात बोलायचा आणि सगळे माना पुढे काढून ऐकायचे. मला — कसं सांगू — मला तो ग्रह नको होता. मला त्या माना हव्या होत्या.

एका रविवारी बापाबरोबर होडीवर जावं लागलं म्हणून तो आला नाही. गोष्ट मी चालवली. बरी झाली. निरव "मस्त रे" म्हणाला. झालं, चटक लागली.

मग मी काय केलं — थांबा, नीट सांगतो, नाहीतर पुन्हा पळवाट काढीन. भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसची वाट बघत तो उभा होता, मी शेजारी. आणि मी म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नको, पण निरवच्या मम्मीला वास येतो म्हणे. मासळीचा. तू गेल्यावर खिडक्या उघडतात."

खोटं. सपशेल खोटं. ती बाई कांदालसूणसुद्धा न खाणारी, पण डॉमनिकला तिखट लागतं म्हणून ढोकळ्याच्या चटणीत मुद्दाम जास्त मिरची घालायची. तिच्या तोंडी मी हे वाक्य घातलं. का? कारण हा तिला जाऊन विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याला भांडता येईल अशी थाप मी मारलीच नाही. मान खाली घालावी लागेल अशीच निवडली. असलं बोलणं आमच्याकडे जिन्यात, लिफ्टपाशी कानावर यायचंच. मी ते फक्त उचललं.

त्याने शर्टाची बाही नाकाशी नेली. मग विचारलं, "साबणानं धुतलं तरी येतो काय रे?"

इथे तरी थांबता आलं असतं. मी म्हणालो, "थोडा."

तो पुन्हा त्या घरी गेला नाही. रागावला? छे. मला म्हणाला, ग्रह तू चालव, बंद न्हाय पडला पायजे. दर शनिवारी त्याच बसस्टॉपवर तो मला पुढचं सांगायचा — कुठली होडी हरवली, मिठाखाली काय सापडलं — आणि रविवारी मी ते माझं म्हणून सांगायचो. आयत्या बिळावर नागोबा. बाकीच्यांना म्हटलं, त्याच्या बापाला होडीवर माणूस कमी पडतो. निरवची मम्मी विचारायची, "वो डॉमनिक क्यूँ नहीं आता? नाराज है क्या?" मी ढोकळा खात नुसती मान हलवायचो. चटणी आता फिकी असायची.

पुढे शनिवारी तो भेटेनासा झाला. ग्रह थोडे दिवस लटपटला आणि मेला. कुणी विचारलं, मिठाच्या पलीकडे काय आहे, तर मला काय ठाऊक? माना हळूहळू टीव्हीकडे वळल्या, मग जमणंच थांबलं. मी पुन्हा एकटा. ह्या वेळी माझ्याच हाताने. फार एकटं वाटायचं तेव्हा, आणि ते सांगायला एकच माणूस होता — तोही मीच घालवलेला.

काही वर्षांनी तो जेसल पार्कच्या खाडीकाठी दिसला, संध्याकाळी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. बापाने होडी विकली होती, हा अंधेरीला कॉम्प्युटरवर कामाला होता. मासळीशी संबंध उरला तो जेवणाच्या ताटापुरता. मला बघून तो खरंच खूश झाला. हात पुढे करून दोन-चार पावलं आला — आणि थबकला. खाडीकडे पाहिलं. मग मला वळसा घालून पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, आणि तिथून बोलायला लागला. आई कशी आहे, नोकरी कुठे, लग्नाचं काय.

मला कळायला जरा वेळ लागला. वारा खाडीवरून येत होता. आधीच्या जागी तो वारा त्याच्याकडून माझ्याकडे आला असता. आता माझ्याकडून त्याच्याकडे जात होता.

एक वाक्य पुरलं असतं. मी नोकरीचं सांगितलं, लग्न ठरतंय म्हणालो, त्याला मुलगी झालीये कळल्यावर तिचं नाव विचारलं. बराच वेळ बोललो आम्ही. तेवढा सगळा वेळ तो त्याच बाजूला उभा होता.